गरिबीचा परिच्छेद

टायपिस्टने स्वतःविरुद्धचा दावा स्वतःच टाइप करून दिला होता, आणि त्याचे पैसेही घेतले होते. तेही नेहमीपेक्षा कमी, कारण वकील रोजचा.

हे त्याला कळलं ते समन्स घरी आल्यावर. त्याने पाकीट फोडलं, बारा पानं उलटली आणि बघतो तर दर दोन ओळींमागे एक अक्षर टुणकन वर उडी मारतंय. कोर्टाच्या अख्ख्या आवारात अशी उडी मारणारं यंत्र एकच होतं, आणि त्याच्यावर तो अठरा वर्षं पोट भरत होता.

"हे तुम्ही टाइप केलंत?" बायकोने विचारलं.

"बारा पानं. तीन प्रती."

"आणि कळलं नाही? आपलं नाव आहे की यात."

"चार वेळा आहे. बोटांना ओळखीचं वाटलं असेल, पण बोटं काही बोलत नाहीत ना."

बायकोने बारा पानं परत पाकिटात घातली. मग म्हणाली, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. इथे तर दांडा स्वतःलाच काळ."

पण त्याचं काही चुकलं होतं असं नाही, ती त्याची कामाची रीतच होती. तो कोर्टाच्या भिंतीला लागून पत्र्याखाली टेबल टाकून बसायचा. आजूबाजूच्या सगळ्यांनी कॉम्प्युटर घेतले होते, याचं आपलं खटखट चालू. इतक्या वर्षांत टाइप केलेलं एक पान त्याने वाचलं नव्हतं. डोळ्यांतून शिरलेलं सरळ बोटांतून बाहेर पडायचं, मध्ये डोक्याचा थांबाच नव्हता. "वाचलं की चूक होते," असं तो नव्या लोकांना सांगायचा. "घटस्फोट वाचला की वाईट वाटतं, खून वाचला की पुढचं पान आधी बघावंसं वाटतं. आपण कशाला मध्ये पडा?" म्हणून त्याच्या पानात खाडाखोड नसायची, आणि म्हणूनच थोरल्या भावाच्या वकिलानेही विश्वासाने कच्चा मसुदा त्याच्याचकडे पाठवला होता.

दावा जिन्याचा होता. वडिलांनी दोन मुलांना दोन मजले दिले. थोरल्याला वरचा आणि धाकट्याला, म्हणजे टायपिस्टला, खालचा. जिन्याचं मात्र नाव काढायला विसरले, आणि जिना निघायचा खालच्या पुढच्या खोलीतून. थोरल्याचं म्हणणं, जिना माझा, सबब जिन्याखालची खोलीही माझी. टायपिस्टचं म्हणणं, खोली माझी, सबब तिच्यातून वर जाणारं काहीही माझं. कोर्टाने दोघांचं ऐकून 'जैसे थे' असा हुकूम दिला, म्हणजे निकाल लागेपर्यंत कुणी काही बदलायचं नाही. हुकुमाच्या आदल्याच दिवशी जिन्यातला दिवा गेला होता. तेव्हापासून चार वर्षं जिन्यात अंधार, कारण दोन्ही वकिलांनी सांगितलं, दिवा बदललात तर तो बदल ठरेल. तिसरी पायरी मोडली होती, तीही जैसे थे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. टायपिस्ट ती रोज चढायचा, आणि थोरला रोज संध्याकाळी ही मोडकी चढायचा. टायपिस्टचं कुटुंब जेवत असताना त्यांच्या ताटांमधून वाट काढत, कुणाशी एक अक्षर न बोलता, तिसरी पायरी न चुकता ओलांडून.

चार वर्षांत दावा जिथल्या तिथे राहिला आणि कर्ज तेवढं वर चढलं. वकिलाला द्यायला क्रेडिट कार्ड झालं, कार्डाचा हप्ता भरायला बायकोच्या बांगड्या गहाण गेल्या, त्यांचं व्याज भरायला पतपेढीचं कर्ज झालं. शिवाय वकिलाचे राहिले ते राहिलेच. शेवटी तर आवारातल्या चहावाल्याकडून उसने घेतले आणि त्यातून चहावाल्याचीच मागची उधारी भागवली. उधारीचं पोतं सव्वा हात रितं, पण हे पोतं पाच जणांनी पाच बाजूंनी उसवलेलं.

त्यात पतपेढीचं कर्ज सगळ्यात लहान, पण झोप त्यानेच उडवली होती. त्याला जामीन होता मेव्हणा.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. इस्पितळात एक्स-रे काढायचा. साधा माणूस. दिवसभर लोकांना "श्वास रोखा" आणि "आता सोडा" एवढंच सांगून घरी यायचा. जामिनाच्या कागदावर सही मागितली तेव्हा त्याने कागद उजेडाकडे धरून बघितला, सवयीने, आणि म्हणाला, "भाऊजी, हाड मोडलेलं तर दिसत नाही," आणि सही करून टाकली. बायकोला माहेर म्हणून एवढाच. आईवडील केव्हाच गेलेले, उरला तो हा भाऊ आणि त्याची दोन खोल्यांची जागा. तिथे ती रविवारी जायची आणि उंबरा ओलांडला की थेट स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावर बसायची.

पतपेढीचे सहा हप्ते चुकले. नोटीस आली की महिनाअखेर बाकी भरली नाही तर पुढच्या महिन्यापासून जामीनदाराच्या पगारातून कापून घेऊ. नोटिशीची एक प्रत इस्पितळाला.

बायको त्या दिवशी दुसऱ्यांचे कपडे इस्त्री करत होती. शर्टाची कॉलर पुरी करून म्हणाली, "बांगड्या गेल्या, मी काही बोलले नाही. पण माझ्या भावाच्या ताटातलं काढून तुमच्या जिन्याला घालू नका."

"नाही घालत," टायपिस्ट म्हणाला. बोलला खरा.

बँकेची जाहिरात त्याला चहाच्या टपरीवर वाऱ्याने उडून आलेल्या कागदावर दिसली. 'सर्व कर्जं एकत्र करा. एकच हप्ता, एकच चिंता.' पाच चिंतांच्या जागी एक म्हणजे चार चिंतांचा निव्वळ नफा, असा हिशेब करत तो दुसऱ्याच दिवशी बँकेत गेला.

कर्जाच्या टेबलावर एक बाई होत्या. त्यांना जबर सर्दी झालेली आणि टेबलावर फायलींपेक्षा रुमाल जास्त. पण बाई भल्या होत्या. त्यांनी पाची कर्जं ऐकून घेतली, दोनदा शिंकल्या आणि म्हणाल्या, "काका, होऊ शकतं. पण पगार नाही तुम्हाला, म्हणून दोन गोष्टी लागतील. एक, तुम्हाला दहा वर्षं ओळखणाऱ्या, कायम नोकरीतल्या माणसाची ओळख. जामीन नको, नुसती ओळख."

"वकील चालेल?"

"वकील अजिबात चालत नाही." का ते बाईंनी सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही.

"आणि दुसरी?"

"कोर्टात काही चालू आहे का ते फॉर्मवर खरं लिहा, नंबरासकट. लपवलंत तर गेलात. आणि सोबत एक पत्र जोडा. कर्ज का हवंय, कसं फेडाल. तुमच्या शब्दांत."

टायपिस्टने विचारलं, "माझ्या शब्दांत?"

"हो. दहाबारा ओळी. मनापासून लिहिलेलं असलं की वरचे साहेब बघतात."

ओळखीची पंचाईत आधी आली. त्याच्या ओळखीचे सगळे आवारातले होते. वकील, वकिलांचे कारकून, आणि एक गृहस्थ जे रोज वेगवेगळ्या खटल्यांत साक्षीदार असायचे. कायम नोकरीतला, दहा वर्षं ओळखणारा माणूस सगळ्या गावात शोधून एकच निघाला. तो पाणीखात्यात हेडक्लार्क होता आणि रोज संध्याकाळी ताटांमधून वाट काढत वर जायचा.

त्या संध्याकाळी थोरला जिन्याशी आला तेव्हा टायपिस्ट फॉर्म हातात घेऊन उभा होता.

"सही हवी होती," तो म्हणाला. चार वर्षांतलं हे पहिलं वाक्य.

थोरला थांबला. वरच्या अंधाराकडे बघत म्हणाला, "वकिलाला विचारावं लागेल."

"नुसती ओळख आहे. दाव्याचं काही नाही."

थोरल्याने फॉर्म घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि उभ्या उभ्या सगळा वाचला. तो वाचणारा भाऊ होता. पाच कर्जांच्या यादीशी जरा रेंगाळला. स्वतःचीही तशीच एक यादी असलेल्या माणसासारखा. मग भिंतीला कागद टेकवून त्याने लिहिलं. 'अर्जदारास किती काळ ओळखता' याच्यापुढे 'अठ्ठेचाळीस वर्षे'. 'वर्तणूक कशी आहे' याच्यापुढे पेन अडलं. ताटावरून बायको म्हणाली, "चांगली लिहा की भावोजी, तुमचं काय जातंय?" थोरल्याने 'चांगली' लिहिलं, सही केली, फॉर्म परत दिला आणि वर निघाला. तिसरी पायरी त्या दिवशी त्याला आठवली नाही. वरून धप्प असा आवाज आला, मग काही वेळ काहीच नाही, मग हळूहळू चढणारी पावलं.

"लागलं का बघा," बायको म्हणाली.

"बघायला वर जायला लागेल," टायपिस्ट म्हणाला. "वकिलाला विचारावं लागेल."

आता राहिलं पत्र. दुपारी गर्दी कमी झाल्यावर टायपिस्टने कोरा कागद पुढे घेतला आणि पेन उघडलं. 'मी' असं लिहिलं. मग अर्धा तास गेला. बावीस वर्षं तो दुसऱ्यांचे शब्द टाइप करत आला होता. शेजाऱ्याने भिंत बांधली, नवऱ्याने टाकलं, मुलाने फसवलं, सगळं त्याच्या हातून गेलं होतं. पण 'मी'च्या पुढे काय लिहायचं असतं, हे त्याला कुणी दिलंच नव्हतं. चहावाला येऊन डोकावून गेला. "काय मास्तर, प्रेमपत्र?" म्हणाला.

शेवटी त्याने पेन ठेवलं आणि यंत्रात कागद घातला. 'मी'च्या जागी 'अर्जदार' आला, आणि बोटं सुटली. कुटुंब, जिना, पाच घेणेकरी, एकच हप्ता, दरमहा न चुकता. डोकं बाजूला झालं तसं सगळं भराभर येऊ लागलं. बोटांनी ओळी भरल्या, समास सोडले, पान संपवलं. त्याने तीन प्रती काढल्या, प्रत्येकीवर सही ठोकली, न वाचता दोन पाकिटात घातल्या आणि तिसरी स्वतःकडे ठेवली. वाचलं की चूक होते.

इथे एक सांगायला हवं. कोर्टात फी माफ व्हावी म्हणून अर्जाच्या शेवटी एक ठरावीक मजकूर घालतात. आवारात त्याला गरिबीचा परिच्छेद म्हणत. टायपिस्ट तो गिऱ्हाइकाला फुकट द्यायचा, भाजीवर कोथिंबीर द्यावी तसा. एकदा ड्रायव्हरला गाडीत बसवून आलेल्या माणसाच्या अर्जालाही त्याने तो लावला होता, आणि फी माफही झाली होती. दिवसाला दोन-तीन वेळा, बावीस वर्षं. पान संपत आलं की बोटं आपोआप तिकडे वळायची, घराकडे वळणाऱ्या बैलासारखी.

बाईंनी पाकीट घेतलं, वरच्या पानावर 'मिळाले'चा शिक्का मारला, ओळखीची सही बघून म्हणाल्या, "छान. भाऊ वाटतं? बरं असतं बाई असं घरचं कुणी," आणि शिंकल्या.

चार दिवसांनी त्यांचा निरोप आला. महिना संपायला तीन दिवस होते. टायपिस्ट इस्त्रीचा शर्ट घालून गेला.

"बसा काका. पाणी घ्या." बाईंची सर्दी गेली होती, पण चेहरा अजून आजारीच होता. त्यांनी फाईल त्याच्याकडे वळवली. "हे पत्र तुम्ही लिहिलंत?"

"टाइप केलंय."

"शेवट वाचता का जरा?"

टायपिस्टने वाचला. आपलं टाइप केलेलं तो आयुष्यात पहिल्यांदा वाचत होता, म्हणून त्याला वेळ लागला.

'अर्जदार अत्यंत गरीब असून त्यास उत्पन्नाचे कोणतेही भरवशाचे साधन नाही. त्याच्या डोक्यावर हक्काचे छप्पर नाही. कोणाचेही देणे देण्याची त्याची ऐपत नाही, व पुढे होईल अशी आशाही नाही. सबब मेहेरबानी व्हावी.'

"सवयीने आलंय हे," तो म्हणाला. "हे नसतं मॅडम. हे कोर्टाचं आहे. पान बदलून देतो, दहा मिनिटांत देतो."

"शिक्का बसलाय, वर जाऊन आलंय." बाईंनी आवाज खाली आणला. "साहेब म्हणाले, नोकरीत इतका प्रामाणिक अर्ज पाहिला नाही. असं म्हणाले आणि नामंजूर केला."

बाईंना राहवेना. त्यांनी इकडेतिकडे बघून एक कोरा कागद पुढे सरकवला. "एक करा. दोन ओळींत लिहून द्या की तो शेवटचा मजकूर चुकून आलाय आणि खोटा आहे. सही करा. मी स्वतः साहेबांच्या हातात देते. अजून तीन दिवस आहेत."

त्याने पेन घेतलं. हात कागदापाशी नेला आणि तिथेच थांबला.

हाच परिच्छेद त्याने जिन्याच्या खटल्यात थोरल्यावर केलेल्या उलट दाव्यातही लावला होता. शपथेवर. फी माफीसाठी, आणि फी माफ झाली होती. त्याच दाव्याचा नंबर या फाईलमध्ये पहिल्याच पानावर, त्याच्याच हातचा होता. तिथे शपथेवर खरं आणि इथे सहीनिशी खोटं, असे दोन कागद एका माणसाचे. थोरल्याच्या वकिलाला हे बँकेतून मिळायला किती वेळ लागला असता? आणि मिळाल्यावर तो ते टाइप करायला कुणाकडे पाठवणार, हेही टायपिस्टला माहीत होतं.

पण पेन अडलं ते एवढ्यासाठीच नव्हतं. त्याने परत एकदा ओळी वाचल्या. उत्पन्न दिवसाला चारसहा पानं, तीही कॉम्प्युटर बंद पडले तर. छप्पर जैसे थे. ऐपत. आशा. तो एकेका शब्दावर बोट ठेवत गेला, आणि खोटा म्हणून खोडावा असा एकही शब्द त्याला सापडला नाही. गाडीवाल्याच्या अर्जात हा मजकूर शोभला होता, इथे तो नुसताच खरा होता.

"खोटं नाहीये, मॅडम," तो म्हणाला, आणि पेनाला टोपण लावून ते बाईंना परत दिलं. पेन त्याचं स्वतःचं होतं. बाईंनी ते घेतलं, मग लक्षात येऊन परत केलं.

घरी बायकोने विचारलं तेव्हा त्याने तिसरी प्रत तिच्या हातात ठेवली. तिने इस्त्री उभी केली आणि वाचली. त्याला वाटलं ओरडेल. तिने प्रतीची घडी घातली, कडेवर नख फिरवून ती पक्की केली आणि म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे."

एक तारखेला मेव्हण्याचा पगार कापला गेला. त्या रविवारी बायको माहेरी गेली आणि तासाभरात परत आली.

"भेटला नाही का?"

"भेटला. चहा दिला."

"मग?"

"बाहेरच्या खोलीत दिला," ती म्हणाली. "कपबशीतून." आणि पिशवी तशीच खुंटीला अडकवली. त्यानंतर रविवारी ती कुठे गेली नाही.

दोन महिन्यांनी मेव्हणा आवारात आला. दुपारची वेळ होती, टपरी शांत होती. त्याने टेबलासमोरचं स्टूल ओढलं, बसला, आणि शर्टाच्या खिशातून हाताने लिहिलेली दोन पानं काढली. ती त्याने उजेडाकडे धरली नाही.

"भाऊजी, राग मानू नका. वकील म्हणाला, कापलेला पगार भरून मागायचा तर अर्ज करायला लागतो. तुमच्यावर." जरा थांबून म्हणाला, "टाइप कुठे करू विचारलं, तर म्हणाला, भिंतीपाशी एक म्हातारा बसतो, त्याच्याकडे खाडाखोड नसते. शिवाय स्वस्त आहे."

"तीन प्रती?"

"तीन म्हणाला."

टायपिस्टने कागद घातला, मध्ये कार्बन घातले. मसुदा डाव्या हाताला ठेवला. बोटं कळांवर आली.

'अर्जदाराने सामनेवाला हा सख्ख्या बहिणीचा नवरा असल्याने विश्वासाने सही केली,' असं तिथे होतं. त्याने ते वाचलं. वाचायचं नव्हतं, पण एकदा वाचायला लागलेला माणूस थांबत नाही. 'विश्वासाने' हा शब्द टाइप करताना बोट घसरलं. त्याने कागद काढला, दुसरा घातला. पुन्हा त्याच जागी घसरलं. बावीस वर्षांत त्याच्या पायाशी चुरगळलेला कागद कधी पडला नव्हता. आता तिथे दोन पडले होते, मग तीन झाले. चहावाला टपरीतून मान वर करून बघायला लागला.

"जरा वेळ लागतोय," टायपिस्ट म्हणाला.

मेव्हण्याने चुरगळलेला एक कागद उचलला, मांडीवर सारखा केला, आणि काय करावं न कळून परत खाली ठेवला.

"सावकाश होऊ द्या," तो म्हणाला. "रजा टाकलीय. पगार तसाही कापलाच जातोय."